आर आहे, बघ

माघ संपत आला की आमच्या नल्लकुंट्याच्या घरामागचा कडुनिंब पानं सोडायला लागतो. वारा नसला तरी सोडतो. एकेक पान आपल्याच नादात गिरक्या घेत खाली येतं, आणि मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभं राहिलं की वेळ कुठे जातो कळत नाही. चहा गार होतो. सगळं अंगण पिवळं होतं. मी झाडून काढते, मागे वळून बघते तर परत पिवळं. पहिले दोन दिवस मला ते फार आवडतं, तिसऱ्या दिवशी मी झाडाला शिव्या घालायला लागते.

माझे वडील मात्र वर्षभर याच दिवसांची वाट बघायचे. त्यांना आम्ही दादा म्हणतो. इथे हैदराबादेत दादा म्हणजे आजोबा, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या लोकांना मी त्यांची नात वाटते. पन्नाशीला टेकलेली नात! असो. दादांचं लहानपण मराठवाड्यात शेतात गेलं, मग नोकरीला हैदराबादेत आले, मलकपेठेत आम्हाला वाढवलं आणि रिटायर झाल्यावर हे घर बांधलं. गेल्या काही वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर जात आली. पेपर सुटला, टीव्ही सुटला, एकट्यानं भाजीला जाणं सुटलं. त्यांचं म्हणावं असं एकच काम उरलं होतं, वाळला पाला जाळायचं. त्याला डोळे लागत नाहीत, नाक लागतं आणि हात लागतो, असं ते म्हणायचे. तेवढं एक काम त्यांच्याकडे राहावं, एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

आणि जाळायचे तरी किती नियमानं! आधी राखेची चिमूट हवेत सोडायची. ती कुठे जाते हे त्यांना दिसायचं नाही, मला विचारायचे, "कोणीकडं गेली गं?" शेजाऱ्यांकडे गेली म्हटलं की त्या दिवशी काम बंद. ढीग गुडघ्याएवढा, त्याहून वर नाही. भोवतीची जमीन दोन-दोन हात खरवडून लाल माती उघडी करायची, काडीसुद्धा ठेवायची नाही. पाण्याची बादली हाताशी. ओला पाला घालायचा नाही, तो जळत तर नाहीच, वर धुरानं लोकांना खोकायला लावतो. मग काठीनं ढीग हळूच ठोकायचा आणि म्हणायचं, "उठा बाबांनो, निघा आता." सरडा, गोम, बेडूक, जे कोण आत झोपलं असेल त्याला निघायला वेळ द्यायचा. गावी धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं गवत जाळताना त्यांचे वडील असंच करायचे म्हणे.

शेवटचा नियम हाताचा. राखेवर तळवा टेकवून दहा आकडे मोजता आले तरच जागचं उठायचं. "आत आर असतो," दादा म्हणायचे. आर म्हणजे राखेखालचा विस्तव, वरून न दिसणारा. हा आमच्या घरातला गावाकडचा शब्द. पुण्याची माझी वहिनी अजून त्याला निखारे म्हणते.

बल्दियाची, म्हणजे इथल्या महापालिकेची, उघड्यावर पाला जाळायला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते विसरलेही होते. मग कॉलनीच्या कमिटीनं व्हॉट्सॲपवर स्वतःचे नियम टाकले. दिवसाउजेडी जाळा, वारा असेल तर जाळू नका, विजेच्या तारांखाली नको, शेजाऱ्यांना आधी सांगा. आणि एकदा कुणाची चूक झाली की कॉलनीत जाळणं कायमचं बंद. मी दादांना वाचून दाखवलं. ते हसले. "हे तर लेकरांचे नियम आहेत," म्हणाले.

त्या संध्याकाळी आठवल्या की मला अजून कुठे तरी तरंगल्यासारखं होतं. धूर सरळ वर जायचा, कडुनिंबात शिरायचा आणि पलीकडून पातळ होऊन निघायचा. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तो निळा दिसायचा. दादा स्टुलावर बसून तोंड धुराकडे करायचे, डोळे मिटायचे, आणि शेतातल्या गोष्टी सांगता सांगता मध्येच गप्प व्हायचे. लांब कुठे अजान व्हायची, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची. आम्ही दोघं नल्लकुंट्यात नसायचोच. कुठे असायचो ते मात्र मला सांगता येणार नाही.

अशाच एका दुपारी दादांनी चारला पाला पेटवला. साडेपाचला त्यांची डोळ्यांत थेंब घालायची वेळ असते. थेंब घालून दहा मिनिटं डोळे मिटून पडावं लागतं, टाळून चालत नाही. ते उठले आणि मला म्हणाले, "आर आहे अजून. बघ." मी हो म्हटलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला.

बागेत काम करणाऱ्या अम्मा त्या दिवशी आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा येतात. त्या तेलुगू, माझं तेलुगू भाजीवाल्यापुरतं, म्हणून आम्ही एरवी दखनीत, इथल्या उर्दू बोलीत, बोलतो. त्यांनी बादलीकडे बोट दाखवून मानेनंच विचारलं, काय करू? मी फोनवर हात ठेवला आणि दादांचंच वाक्य पुढे ढकललं, "आर आहे, बघ." मराठीत! त्या म्हणाल्या, "आरिंदा? सरे." मला वाटलं, कळलं त्यांना. मी बोलत बोलत पुढच्या व्हरांड्यात गेले.

सात-आठ मिनिटांनी वास आला. पाल्याचा नव्हे, हिरवं जळतानाचा कडवट वास. वारा सुटला होता. ठिणगी मेंदीच्या वाळक्या कुंपणात गेली होती आणि तिथून शेजारी. शेजारी एक रिटायर्ड शिक्षिका एकट्या राहतात, सगळे त्यांना टीचरम्मा म्हणतात. त्यांच्या यजमानांनी जाण्याआधी स्वतःच्या हातानं बांबूचा मांडव घालून त्यावर सन्नजाजी, म्हणजे आपली जाई, चढवली होती. तो अख्खा मांडव पेटला होता. मी बादलीकडे धावले, बादली रिकामी. लोक धावले, नळी आली, बादल्या आल्या, दहा मिनिटांत सगळं विझलं. कुणाला काही झालं नाही. जाईचा मात्र जमिनीतून वर आलेला काळा बुंधा तेवढा राहिला. टीचरम्मा त्याच्यापुढे उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडाशी धरून. रडत नव्हत्या. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा भिंत चाचपत बाहेर आले. गालांवर औषधाचे थेंब ओघळलेले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. दिसत नसलेला म्हातारा आणि त्याची आग, कुणाला काही विचारायची गरजच वाटली नाही. "गलती मेरी है," दादा म्हणाले. "मैं हाथ रखे बगैर उठ गया." आणि मी? मी पुढे झाले नाही. माझ्या हातात फोन होता, तो अजून चालूच होता.

त्याच रात्री ग्रुपवर मेसेज आला, कॉलनीत जाळणं बंद. सकाळी दादांनी खिशातली काडेपेटी काढून देवघरात ठेवली आणि म्हणाले, "निरांजनाला होईल." त्यानंतर ते दुपारी स्टुलावर जाऊन बसायचे आणि हात मांडीवर ठेवायचे. पानं डोक्यावर पडायची, खांद्यावर पडायची. ती झटकतही नव्हते. मी पाला पोत्यात भरायची आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. राग राग यायचा. कमिटीचा, वाऱ्याचा, ऑफिसचा, आणि सगळ्यात जास्त बागेतल्या अम्मांचा.

तो सगळा राग मी त्या आल्यावर त्यांच्यावर काढला. "आर आहे म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? बादली कायकू खाली करे?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "हौ, तुम्मीच बोले ना, आरिंदि बोलके. मैं पानी गुलाबां को डाल दी, घर कू गई." मी म्हटलं, "आरिंदि मतलब?" त्यांनी फुंकर मारून दाखवली, दिवा विझवतात तशी.

आरिंदि म्हणजे विझलं. अरे देवा! आमचा आर म्हणजे विस्तव जिवंत आहे, आणि त्यांच्या भाषेत तोच आवाज आला की विस्तव मेला. जन्म हैदराबादेत गेला माझा आणि मला हे माहीत नसावं? मी तिथेच पायरीवर बसले. अम्मा घाबरल्या, पाणी घेऊन आल्या. त्यांची काही चूक नव्हती. वाऱ्याचीही नव्हती.

आत जाऊन दादांना सांगितलं. सगळं सांगितलं, फोन, अम्मा, तो शब्द. मला लहान पोरीसारखं रडू येत होतं. दादा म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? कसं?"

"थेंब डोळ्यांत घातले होते, कानांत नाही. खिडकी उघडी होती. तू मराठीत बोललीस तेव्हाच मला वाटलं, घोळ झाला. उठलो, पण डोळे मिटलेले, पलंगाला अडखळून पडलो, सावरून दारापर्यंत येईतो पेटलं होतं."

"मग तुमची चूक म्हणून कामून सांगितलं?"

"माझ्या हातून झालं म्हटलं की लोक म्हणतात, जाऊ द्या, दिसत नाही बिचाऱ्याला. तुला असं सोडलं असतं का? आणि खोटं नाही बोललो. आर सोडून मी उठलो होतो."

त्याच पावली मी टीचरम्मांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, बस म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमचे वडील रोज मला हाक मारून विचारायचे, धूर येतो का म्हणून. त्यावरूनच मला कळायला हवं होतं, त्यांची चूक नसणार." आणि आत जाता जाता म्हणाल्या, "बुंधा जिवंत आहे बहुतेक. तुमचा पाला मला लागेल. कुजवून द्या."

पाला कुजवायचा! दादांना ते मुळीच पटलं नाही. पण टीचरम्मांना नाही म्हणायची सोय नव्हती. कुंपणाच्या जागी, दोन्ही अंगणांच्या मधोमध अम्मांनी खड्डा खणला. अंबरपेठच्या तबेल्यातून शेण आणलं. पाल्याचा थर, शेणाचा थर, वर पाणी. दादा स्टूल ओढून शेजारी बसायचे, नुसते बसायचे. कमिटीला मी ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं. बंदी उठली नाही, उठावी असं मीही म्हटलं नाही.

दहा-बारा दिवसांनी असाच उतरत्या उन्हाचा वेळ होता. कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली होती. सकाळी ओलं केलेल्या खड्ड्यातून पांढरी वाफ निघत होती, इतकी हलकी की आहे की नाही कळू नये. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना काही तरी होतंय. दादांना ती दिसणं शक्य नव्हतं, पण त्यांनी नाक वर केलं. मग वाकले, वरचा थर बाजूला केला आणि मनगटापर्यंत हात आत घातला. दादा मोजायला लागले. तीनवर हात झटकन बाहेर काढला.

"अगं," ते ओरडले, "आर आहे यात!"

गुलाबांना पाणी घालणाऱ्या अम्मांनी मान वर केली. त्या आता हा शब्द ऐकला की हातातलं काम टाकतात. बादली घेऊन धावत आल्या आणि मला विचारलं, "आरिंदा?"

"आरलेदु," मी म्हटलं. विझलं नाही. तेवढं तेलुगू मी शिकले होते.

आत माझा फोन वाजायला लागला. "जा तू," दादा स्टूल जवळ ओढत म्हणाले, "मी बसतो इथं." मी गेले नाही. खाली बसले आणि त्यांच्या हाताशेजारी हात आत घातला. चांगलंच भाजत होतं.