कुलपावरची टिकली

आमचा पाइपांचा कारखाना भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्याला, धानाच्या बांध्यांमध्ये आहे. दाराबाहेर पाय ठेवला की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बगळे बसलेले. आत मात्र बारा महिने एकच ऋतू, उष्ण आणि जरा गोडसर वासाचा. माझा नवरा पाइपच्या मशीनवर होता आणि मी भंगाराच्या ग्राइंडरवर. वाकडे निघालेले, चिरलेले पाइप माझ्याकडे यायचे. ते मी ग्राइंडरच्या तोंडात सोडायची. खाली त्यांचा चुरा पडायचा, आणि तो चुरा पुन्हा मशीनमध्ये जायचा. हा पाइप याआधी किती वेळा पाइप झाला असेल, असं काहीबाही मनात घोळत राहायचं आणि दुपार सरून जायची.

नवऱ्याचं मशीन बघत बसायला मला फार आवडे. वरून पिठासारखा पांढरा माल पडायचा. तापलेल्या लांब नळीत एक स्क्रू तो मळत मळत पुढे न्यायचा. दुसऱ्या टोकाला मऊ, लवलवता पाइप बाहेर यायचा आणि पाण्याच्या टाकीत शिरायचा. पाण्यातून निघेपर्यंत तो कडक झालेला असे. मी दिघोरीकडची, धान रोवण्याच्या चिखलात वाढलेली. असा न संपणारा पाइप बघितला की वाटायचं, कोणीतरी पलीकडे बसून सूत कातत आहे.

त्या वर्षी नवीन सुपरवायझरबाई आल्या. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक लाल कुलूप ठेवलं. मशीनमध्ये हात घालायचा असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्याला आपलं कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. दुसऱ्याचं कुलूप कोणी काढायचं नाही. माझा नवरा हसला होता. घरी येऊन म्हणाला, "आपल्या घरच्या आलमारीले कुलूप नाही, अन् ह्या स्विचच्या डब्याले काहून लावून राहिलो आपण?"

मला ते कुलूप आवडलं होतं, का ते सांगता येणार नाही. माझ्या नावावर असलेली तशी दुसरी वस्तू नव्हती, म्हणून असेल. सगळी कुलपं दिसायला सारखीच. म्हणून मी कपाळावरची मरून टिकली काढून माझ्या कुलपावर चिकटवली.

दिवाळी झाली आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या. आमच्या गावची, कोंढ्याकडची मंडई आली तशी कारखान्याला सुट्टी लागली. सुट्टीच्या आधल्या दिवशी सकाळपासूनच मशीन बंद करायचं काम सुरू झालं. ते काम बटण दाबून होत नाही. पाइपचा तो माल तापलेल्या नळीत पडून राहिला तर जळतो आणि त्याचा घशाला झोंबणारा धूर सुटतो. म्हणून वरून माल टाकणं थांबवलं, आणि मागून नळी धुऊन काढणारा दुसरा माल सोडला. नवरा स्क्रूचा वेग हळूहळू उतरवत होता. पुढच्या तोंडातून आधी करडा, मग दुधाळ, मग जवळजवळ आरपार दिसणारा गोळा लोंबत बाहेर आला. मग त्याने हीटर बंद केले. नळी थंड करणारे पंखे मात्र चालूच ठेवले.

आणि एकेक आवाज निघून जायला लागला. आधी पाइप तोडणाऱ्या कटरचा खटका गेला, मग पाण्याच्या पंपाची घरघर, मग स्क्रूची ती खोलवरची गुणगुण. इतक्या वर्षांत मी त्या शेडमध्ये कधी चिमणी ऐकली नव्हती, त्या दिवशी ऐकली. पत्र्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे उतरले होते आणि त्यांत प्लास्टिकची बारीक धूळ तरंगत होती. मला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

माझी पिशवी आणि डबा मी आधीच बाहेर सायकल स्टँडजवळ नेऊन ठेवला होता. राहिला होता फक्त ग्राइंडर. मी तो बंद केला, मेन स्विचचा दांडा खाली ओढला, कुलूप घातलं आणि चावी साडीवर घातलेल्या शर्टाच्या खिशात टाकली. बंद केल्यावरही आतली पाती बराच वेळ फिरत राहतात. ती पुरती थांबेपर्यंत मी उभी राहिले. मग चालू करायचं बटण दाबून पाहिलं. काही हललं नाही. तेव्हा झाकण उलटवलं, ब्रश घेतला आणि खांद्यापर्यंत आत वाकले.

आत निळा, पांढरा, राखाडी चुरा साचला होता, फुलं झडून पडावीत तसा. ब्रश फिरवला की तो सळसळत खाली जाई. आईकडच्या खळ्यावर धान उडवताना असाच आवाज व्हायचा. मी तिथेच, खळ्यावर होते म्हणा ना.

तेवढ्यात स्विचच्या डब्यापाशी खट्‌ झालं. पुन्हा एकदा, जोरात. कोणीतरी दांडा वर ढकलत होतं आणि तो वर जात नव्हता. माझे हात पात्यांमध्येच थिजले.

मग काही तरी जमिनीवर पडलं, आणि नवऱ्याचा आवाज आला. "आत कोण आहे?"

"मी आहो जी."

"बाहेर ये. आधी बाहेर ये वो."

मी बाहेर आले. तो स्विचच्या डब्यासमोर उभा होता. नळीतून निघालेला गोळा तोडून, त्याचे तुकडे दळायला म्हणून तो घेऊन आला होता, ते त्याच्या पायाशी सांडले होते. ग्राइंडरच्या मागच्या बाजूने आल्यामुळे त्याला मी दिसलेच नव्हते. त्याची नजर कुलपावरच्या टिकलीवरून हलत नव्हती.

"मले वाटलं तू गेली," तो म्हणाला. "खुंटीले पिशवी नव्हती तुयी."

"तुमच्या बिगर कुठं जाईन?"

तो तिथेच खाली बसला. मीही त्याच्याजवळ टेकले. त्याने माझे दोन्ही हात ओढून घेतले, उताणे केले, पालथे केले, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला. चुऱ्याची धूळ लागून माझे हात चकाकत होते. मला भीती उशिरा वाटली. त्या क्षणी फक्त चिमणी ऐकू येत होती आणि सगळं दूर, पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं.

नंतर तो उठला आणि आपणहून सुपरवायझरबाईंकडे गेला. "मॅडम, मी आज स्विच वर करत होतो, न पाहता," असं त्याने सरळ सांगितलं. बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. ग्राइंडर आम्ही दोघांनी मिळून साफ केला. या वेळी त्याने स्वतःचंही कुलूप माझ्या कुलपाशेजारी लावलं.

दिवस कलता असताना मोटारसायकलवर निघालो. दोन्ही अंगाला पिकलेल्या धानाचा पिवळा रंग पसरला होता आणि वाऱ्यावर त्याचा वास येत होता. मी मागे बसले होते, आणि मधूनमधून तो एक हात मागे करून माझा गुडघा चाचपत होता.

वाटेत एका तलावावर शिंगाड्याची काढणी चालली होती. माणसं डोंग्यात, लहानशा होडीत बसून वेल उलटवत होती आणि हिरवे, टोकदार शिंगाडे काठावर ओतत होती. त्याने गाडी थांबवली, ओंजळभर शिंगाडे आणले आणि तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून सोलायला लागला. काटा बोटात रुतला तरी थांबला नाही. लग्न झाल्यापासून त्याने मला कधी काही सोलून दिलं नव्हतं.

"तुम्ही पण खा न जी," मी म्हटलं.

"खातो. तू खा आधी."

पांढरे, ओले, थोडे गोड दाणे तो एकेक करून माझ्या तळहातावर ठेवत गेला. गावाकडून मंडईचे ढोल ऐकू येत होते. पाण्यावर सूर्य लालसर होऊन पसरला होता. निघायची घाई दोघांनाही नव्हती.