न पचणारी शाई

पांढऱ्या पेशींवर पोटच्या पोरींसारखी माया करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. बेलापूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर शाळा सुटली, पण विज्ञान सुटलं नाही. वर्गातल्या मुलांच्या जागी आम्ही नातेवाईक आलो एवढंच. माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीला आम्ही कर्जतहून भर उन्हात गेलो होतो. पोटात कावळे ओरडत होते, आणि हे गृहस्थ स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा घेऊन बाहेर आले. पाटावर गुळाचा खडा ठेवला. "पाहुणं, हा बाहेरून आल्याला जंतू. आन ही आपली पेशी." मग कणीक खड्याभोवती दोन्ही बाजूंनी हळूहळू सरकवत त्यांनी तो पार आत घेतला. "तोंड न्हाई, दात न्हाई, पर गिळला का न्हाई? आता आतले रस त्येच्यावर तुटून पडत्यात. कामाचं ठिवायचं, चोथा भाईर टाकायचा." माझ्या थोरल्या भावाने हात जोडून विचारलं, "आम्ही गिळायला कधी लागायचं?" तेव्हा विहीणबाईंनी येऊन तो गोळा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि गुळासकट त्याची पोळी लाटली. सोयरीक जमली ती त्या पोळीमुळे, असं मी आजही मानतो.

पुढे नातवाच्या मांडीवर गळू झालं. ते फुटलं तेव्हा आम्ही सगळे नाकं मुरडत होतो, आणि हे डोक्यावरची टोपी काढून उभे. "घान म्हनू नका. जंतूला पोटात घेऊन मेलेल्या पोरी हायेत ह्या." नातू रडायचं विसरून आजोबांच्या टकलाकडे बघत राहिला.

पण त्यांचा सगळ्यात आवडता धडा असायचा विहीणबाईंच्या हातावर. नवी नवरी असताना त्यांनी जत्रेत गोंदणारणीकडून मनगटाच्या वर नवऱ्याचं नाव गोंदवून घेतलं होतं. कोणी पाहुणा आला की त्यांना हाक जायची, आणि त्या बिचाऱ्या पिठाचा हात पुढे करून उभ्या राहायच्या. "ह्या शाईचे कण पोरींनी कवाच गिळलेत. पर शाई काय पचत न्हाई. मग त्या तशाच पोटात धरून बसल्यात. एक मेली की शाई सुटती, लगीच दुसरी गिळती. इतकी वर्सं ह्येच चाललंय, म्हनून नाव ऱ्हायलंय." यावर विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "नाव ह्यांचं आन राबायचं दुसऱ्यांनी. आमच्या घरची रीतच हाय ती." आणि पोळी करपेल म्हणून आत पळायच्या.

मग विहीणबाईंना रक्ताचा आजार झाला. औषधं इतकी जालीम की रोगाबरोबर पांढऱ्या पेशीही मरायच्या. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. व्याह्यांची थट्टामस्करी त्या दिवसापासून संपली. साबण आणि पाण्याची बादली घेऊन ते दारातच बसू लागले. मी शिर्डीचे पेढे घेऊन भेटायला गेलो, तर मला अंगणातच थांबवलं. "राग मानू नका, पाहुणं. हिच्या अंगात पोरीच उरल्या न्हाईत." आमच्याकडे व्याह्याला दारात अडवणं म्हणजे काय असतं, ते सांगायला नको. माझं डोकं तापलंच होतं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "अवो, पाहुन्यांना उभ्यानं धाडू नका. च्या तरी द्या." गजांतून एक वाळलेला हात हलला. हातावर मांस राहिलं नव्हतं, नाव मात्र होतं. मी गुमान अंगणात बसून चहा प्यालो. त्यानंतर त्यांचा आवाज मी ऐकला नाही. थंडीत ताप आला, तो उतरलाच नाही.

कणीक समोर आली तरी व्याही बोलेनात. मुलीचा फोन यायचा, "पप्पा, मामंजी घास तोंडात धरून बसतात. गिळतच नाहीत."

एक दिवस त्यांचाच फोन आला, शिर्डीला येता का म्हणून. जन्मात कुठल्या देवापुढे हात न जोडलेला माणूस. मला वाटलं, दुःखाने शेवटी रांगेत उभा केला. पण हारांची दुकानं मागे टाकून ते गल्लीतल्या एका गोंदणवाल्याच्या स्टुलावर जाऊन बसले आणि बाही वर केली.

"बाबा, ओम काढू का साईंचं नाव?" चष्मेवाल्या गोंदणवाल्याने विचारलं.

"शेवंता," ते म्हणाले. बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं नाव तिच्या हाताबरुबर जळालं, पाहुणं. तिचं माझ्यापाशी कायच न्हाई. फोटू हाय, पर तो भिंतीवर." आणि गोंदणवाल्याला, "किती दिस ऱ्हाईल?"

"तुम्ही आहात तोवर जात नाही, बाबा."

"तेवढं बास."

मशीन गुरगुरू लागलं. म्हातारी कातडी, लगेच रक्त आलं. त्यांनी दुसऱ्या हाताने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता धडा सुरू होणार, आणि खरं सांगतो, तो व्हावा म्हणून माझा जीव आसुसला होता. पण ते आम्हा दोघांशी बोललेच नाहीत. हातावर वाकून हळूच म्हणाले, "आल्या का गं पोरींनो? धरा. बाकी काय पचवायचं ते पचवा. एवढं नाव तेवढं ठिवा."

परतीच्या एसटीत मी पेढ्यांचा पुडा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला. कितीतरी वेळ नुसताच घोळवला, वर केलेल्या बाहीकडे एकदा बघितलं, आणि गिळला.