भिंगरीची साक्ष

बाप्तिस्म्याला तिचं नाव वेगळं ठेवलं होतं. पण चालायला लागल्यापासून ती एका जागी म्हणून कधी उभी राहिली नाही, तेव्हा घरात तिला भिंगरी म्हणू लागले आणि मग आमच्या सगळ्या मंडळीत तेच नाव रुळलं. मी तिच्या आईची जुनी मैत्रीण. चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसतो. त्यामुळे ही गोष्ट काही माझ्या डोळ्यांदेखत घडली, काही तिने मला मागाहून सांगितली.

शाळेत भिंगरीचं डोकं फारसं चाललं नाही, पण दुसऱ्यांच्या डोक्यावर तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. बाजारातल्या एका पार्लरमध्ये ती केर काढायला म्हणून लागली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गिऱ्हाइकं तिच्याच खुर्चीसाठी थांबून राहू लागली. मालकीणबाई खूश होत्या. खूश नव्हती ती भिंगरीच. "मावशी, दिवसभर बायकांची डोकी सजवायची आणि संध्याकाळी कापलेले केस सुपडीत भरून टाकायचे," ती मला म्हणायची, "ह्यात देवाच्या कामाचं काय गं?"

म्हणून चर्चच्या तरुण संघाची पहिली मिशन ट्रिप ठरली तेव्हा सगळ्यांत आधी नाव तिचं. डोंगरापलीकडे एक वस्ती होती. तिथे आठवडाभर राहायचं, आजाऱ्यांना औषधं द्यायची, मुलांना गाणी शिकवायची, प्रार्थना करायची. भिंगरीकडे काम आलं उवा काढायचं. शाळेच्या ओसरीवर बसून तिने पोरांची डोकी धुतली, विंचरली, केस बारीक कापले. एका म्हातारीने तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. परत आली ती जमिनीवर पाय ठेवेना. "माझ्या हातांचा काहीतरी उपयोग आहे," असं महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटली.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच वस्ती. ह्या वेळी माणसं फार आली. संघाची नर्सताई एका टेबलाशी औषधं देत होती, तिने भिंगरीला बजावलं, "ज्या डोक्यात जखमा दिसतील त्या डोक्याचे केस बारीक काप. नाहीतर मलम लागायचं नाही." तिथली बोली आमच्या मंडळींना कळत नसे. जीपचा ड्रायव्हर तिकडचाच, तोच दुभाष्या. पण तो त्या वेळी पाण्याची पिंपं भरून आणायला गेला होता.

रांगेत एक बाई आली. चाळिशीची असेल. केस कमरेच्या खाली, दाट, वेणी सैल सुटलेली. स्टुलावर बसून तिने केस एका बाजूला घेतले, कानामागे बोट दाखवलं आणि हाताने काहीतरी खूण केली. भिंगरीने पाहिलं, कानामागे फोड फुटून लाल झालं होतं. मागे रांग वाढत होती, ऊन चढत होतं. भिंगरीने मान हलवली, हसली, वेणी मुठीत धरली आणि कात्री चालवली.

तिचा हात किती चपळ ते मी सांगितलंच आहे.

बाईने हात मागे नेला. मानेवर चाचपलं, पाठीवर चाचपलं. ओरडली नाही. नुसती बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नर्सताईने धावत येऊन तिला जवळ घेतलं. तरुण संघाचा सेक्रेटरी गळ्यात कॅमेरा अडकवून फिरत होता, त्याने तो क्षण बरोबर टिपला. मग बाई उठली, जमिनीवरची वेणी उचलून फडक्यात गुंडाळली आणि चालू लागली. प्रत्येकाला साबणाची वडी मिळत होती. तिने ती घेतली नाही. हे फक्त भिंगरीने पाहिलं.

परत आल्यावर सेक्रेटरीने तो फोटो मोठा करून चर्चच्या दाराशीच लावला. खाली लिहिलं, 'कृतज्ञतेचे अश्रू'. फोटो होताही सुरेख. कात्री हातात घेतलेली भिंगरी मागे उभी आणि पुढे नर्सताईच्या कुशीत रडणारी बाई. येणारे जाणारे थांबत, गहिवरत. भिंगरीच्या आईने तर पाहुण्यारावळ्यांना मुद्दाम चर्चमध्ये नेऊन तो दाखवला. चर्चच्या पाळकसाहेबांनी भिंगरीला सगळ्यांपुढे साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायला, उभं केलं. ती पोर उभी राहिली आणि लोकांना हवं होतं ते बोलली. "त्या बाईच्या डोळ्यांत मला प्रभू दिसला." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

त्यानंतर तिचं काहीतरी बिनसलं. पार्लरमध्ये कात्री उचलली की हात थबकायचा. "इतके कापू?" विचारायची. गिऱ्हाईक हो म्हणायचं. "नक्की इतके?" हो बाई. "बघा हं, मग परत लावता यायचे नाहीत." शेवटी एका बाईने वैतागून मालकीणबाईंना विचारलं, "केस कापते आहे की माझं ऑपरेशन करते आहे?" सगळं पार्लर हसलं. भिंगरी मोरीत जाऊन रडून आली.

तिने आईला त्या बाईचं सगळं सांगितलं. आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "तू चांगल्या मनाने केलंस ना? मग झालं."

"मन चांगलं होतं गं. पण कापले ते केस ना?"

मग ती पाळकसाहेबांकडे गेली. माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, आपण पेरत राहायचं. उगवायचं काय आणि कधी, ते त्याच्यावर सोडायचं."

"पण पाळकसाहेब," भिंगरी म्हणाली, "मी पेरलं कुठे? मी तर कापलं."

त्यावर ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की पोर हसत नाही आहे.

तिसऱ्या वर्षी ती जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली. उवांच्या कामावर दुसरी मुलगी बसवली आणि ड्रायव्हरला गाठून म्हणाली, "दादा, मला त्या बाईकडे न्या."

बाई वस्तीच्या टोकाला राहायची. दारात बसून झाडू बांधत होती. केस खांद्यापर्यंत आले होते, पण डोक्याला फडकं घट्ट गुंडाळलेलं. भिंगरीला पाहिलं मात्र, तिचे हात थांबले. बस म्हणाली नाही. भिंगरी उभ्यानेच बोलली, की मला तुमची खूण कळली नव्हती, मी न विचारता केस कापले, माझं फार चुकलं. ड्रायव्हरने ते सांगितलं. बाई बोलू लागली. बराच वेळ बोलली, झाडूची काडी जमिनीवर आपटत बोलली. ती थांबल्यावर ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाला, "ती म्हणते, देव तुमचं भलं करो."

"एवढं लांबलचक बोलली आणि एवढंच?"

"एवढंच, ताई."

"दादा, खरं सांगा."

ड्रायव्हरने मान खाली घातली. "ताई, मलाही पोट आहे. तुमची माणसं दरवर्षी माझी गाडी घेतात. तुम्ही रागावून गेलात तर पुढच्या वर्षी दुसरी गाडी."

"मी नाही रागवत. शप्पथ."

तेव्हा त्याने एकेक वाक्य सांगितलं. तिने कानामागे बोट दाखवलं ते मलम मागायला. केस कापायला कुणी सांगितलं होतं? सहा महिने ती बाहेर पडली की बायका विचारायच्या, काय केलंस म्हणून तुझे केस कापले? नवरा हसायचा. "आणि ती म्हणते," ड्रायव्हर अडखळला, "ते केस माझे होते. मला आवडायचे. बाकी माझ्यात बघण्यासारखं काय होतं?"

भिंगरीला वाटलं होतं, काही नवस असेल, कुणाची आठवण असेल, काहीतरी मोठं कारण असेल. तसं काहीच नव्हतं. बाईला तिचे केस आवडायचे.

मग तिने जे केलं ते मी तिच्या जागी केलं नसतं. तिने मोबाईल काढला आणि चर्चमधला फोटो बाईला दाखवला. बाईने डोळे बारीक करून स्वतःला रडताना पाहिलं.

"हे कुठे आहे?"

"आमच्या चर्चच्या दारात."

"सगळे बघतात?"

"हो."

"रोज?"

"रविवारी," भिंगरी म्हणाली. हे सांगताना आपली जीभ झडावी असं तिला झालं.

बाई एकच शब्द बोलली. तो ड्रायव्हरला सांगावा लागला नाही, हाताच्या खुणेवरूनच कळला. काढ. मग तिने झाडू पुन्हा मांडीवर घेतला. माफ केलं की नाही, काहीच म्हणाली नाही.

परत आल्या आल्या भिंगरी सेक्रेटरीकडे गेली. तो पोरगा वाईट नाही, पण फोटोवर त्याचा जीव. "अगं, त्या एका फोटोवर आपल्या पुढच्या ट्रिपा उभ्या आहेत," तो म्हणाला. "लोकांना त्यातून प्रेरणा मिळते. आणि त्या बाईला इथे ओळखतंय कोण?"

"मी ओळखते."

"कमिटीपुढे ठेवू," तो म्हणाला. कमिटीपुढे ठेवू म्हणजे काय, हे चर्चमध्ये वाढलेल्या पोरांना सांगावं लागत नाही.

त्या रविवारी ट्रिपला गेलेल्यांच्या साक्षी होत्या. भिंगरीचं नाव पुकारलं. ती पुढे गेली आणि ह्या खेपेला मात्र एका जागी खिळल्यासारखी उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. फोड, मलम, कात्री, साबण, ड्रायव्हरचं पोट. "मागच्या वर्षी मी इथे उभी राहून खोटं बोलले," ती म्हणाली. "ती बाई कृतज्ञ नव्हती. तिचं काहीतरी गेलं होतं आणि ते मी घेतलं होतं. तो फोटो काढा अशी तिची विनंती आहे. विनंती नाही, ती सरळ काढ म्हणाली आहे."

मागच्या बाकावरून एका आजोबांनी सवयीने मोठ्याने आमेन म्हटलं आणि ओशाळून खोकू लागले.

आठवडाभर कुणी तिच्याशी धड बोललं नाही. काहींना वाटलं, पोरीने मंडळीची अब्रू चव्हाट्यावर आणली. नर्सताई दोनदा आमच्या बाकापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली. आईने तर घरात अबोलाच धरला. मला म्हणाली, "एवढं नाव झालं होतं तिचं. कुणाची दृष्ट लागली?" मी म्हटलं, "दृष्ट नाही, तिला दिसायला लागलं." आईला ते आवडलं नाही. ती माझ्यावरही फुगली.

पुढच्या रविवारी दाराशी फोटो नव्हता. पाळकसाहेबांनी तो स्वतः स्टूल घेऊन उतरवला, असं चर्चचा शिपाई म्हणाला. प्रवचनात त्याविषयी अवाक्षर नाही. खिळा तेवढा भिंतीत राहिला. भिंगरीने ड्रायव्हरला फोन करून निरोप पाठवला. आठवड्याने त्याचा फोन आला. "सांगितलं ताई. बरं म्हणाली."

"आणखी काही?"

"नाही. नुसतं बरं."

पुढच्या ट्रिपच्या वेळी 'तिला जरा विश्रांती देऊ' असं ठरलं. संघ जीपमध्ये गाणी म्हणत निघाला तेव्हा भिंगरी पार्लरच्या दारात उभी होती. प्रार्थना ती अजून करते, पण मला म्हणाली, "मावशी, पूर्वी मागताना मी देवाला उत्तरंसुद्धा देऊन ठेवायचे. आता गप्प बसते. आणि गप्प बसलं की भीती वाटते."

मग एके दिवशी नर्सताई आपण होऊन तिच्याकडे आली. ती इस्पितळात महिला वॉर्डात काम करते. खाटेला खिळलेल्या बायकांची डोकी कित्येक दिवस धुतली जात नाहीत, सुट्टीच्या दिवशी येशील का, असं तिने विचारलं. भिंगरीने दोन दिवस विचार केला. तिथे जायचं ते त्या बायकांसाठी की स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून, हे तिला कळेना. अजूनही कळत नाही म्हणते. तरी जाते.

परवा मी त्यांच्याकडे बसले होते. भिंगरी बादली आणि टॉवेल घेऊन गेली ती तासाभरातच परत आली. टॉवेल कोरडेच. आईचा अबोला अजून पुरता सुटलेला नाही, पण तिने विचारलं, "झाली एवढ्यात सेवा?"

"आज कुणालाच नको होती," भिंगरी म्हणाली. "एकीला ताप होता. एक म्हणाली, झोपू दे. एक म्हणाली, केस नको, खिडकीशी खाट सरकव. ती सरकवली आणि आले."

आईने तिच्याकडे पाहिलं. तिने विळी पुढे सरकवली आणि म्हणाली, "मग ये. कांदे चिर."