तीन तारा आणि ज्ञानकोशातली माझी दुरुस्ती

मोटर उलटी फिरत असेल तर काय करावं, हे मला पक्कं माहीत आहे. त्या दिवशीही माहीत होतं. सगळं त्यामुळेच बिघडलं.

धाकटा भाऊ शरद याची नरखेडजवळ संत्र्याची बाग आहे. बागेचा ताण तोडायचा होता. (झाडांचं पाणी महिनाभर बंद ठेवायचं, पानं मलूल झाली की भरपूर द्यायचं, मग झाड फुलांनी लगडतं. उशीर झाला तर पानं गळतात, आणि पाठोपाठ मालक!) मोटर जळाल्यामुळे आधीच आठवडा गेला होता. मी नागपूरहून मदतीला, म्हणजे कामांची यादी घेऊन, पोचले होते.

दुरुस्त झालेली मोटर विहिरीत उतरली. तीन वाजता सुरू केली, तर पाइपातून करंगळीएवढी धार! आणि शेतीची लाइन चारला जाणार.

“उलटी फिरून राहिली,” शरद म्हणाला. “वायरमनले बोलवा लागते.”

वायरमन कामठीला लग्नात होता. फोन बंद!

“त्यात काय एवढं!” मी मोबाइलवर ज्ञानकोश उघडला. तोच, लोकांनीच लिहिलेला. स्पष्ट लिहिलं होतं : तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. मेन बंद करून, टेस्टर लावून, मी कामाला लागले. लालच्या जागी पिवळी, पिवळीच्या जागी निळी, निळीच्या जागी लाल.

माझी भावजय मीरा शेजारी उभी होती. “ताई, त्यात दोनच म्हणते ना? तिसरीले काहून हात लावता?”

“अर्धवट काम मले जमत नाही, मीरा!”

मेन चालू केला. करंगळीएवढी धार.

तीन वीस. शरद एका झाडाखालची पानं गोळा करून मोजत होता. मी तिन्ही तारा पुन्हा एकेक घर सरकवल्या. तीच धार!

“हे पुस्तकच खोटं आहे!” मी जाहीर केलं. “कोणीही उठतं अन् लिहितं त्याच्यात!”

“मंग तू काहून वाचलं वं ताई?” शरद शेवटी बोलला. “मायी बाग वाळून राहिली ना!”

आता माझ्यासारख्या बाईला चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. मोटर होत नव्हती, म्हणून मी ज्ञानकोश दुरुस्त केला! लेखात ठणकावून लिहिलं : ‘वरील माहिती चुकीची आहे. तारा बदलून उपयोग होत नाही. प्रत्यक्ष करून पाहिले.’

सातव्या मिनिटाला माझं वाक्य गायब! त्याच्या जागी मला कुणा अनोळखी माणसाचा निरोप : ‘तुम्ही तिन्ही तारा सरकवल्या का? गोल बसलेले तिघे एकेक पाट सरकले, तरी क्रम तोच राहतो. दोनच बदला. तिसरीला हात लावू नका. आणि मेन बंद करा.’

मी मीराकडे पाहिलं नाही. मीराने मात्र माझ्याकडे व्यवस्थित पाहिलं.

“ताई, चारले दहा कमी आहेत!” ती म्हणाली.

मेन बंद. लाल आणि पिवळी, दोनच. घाईत स्क्रू दोनदा मातीत पडला. शरदने मेन चालू केला. पाइप खोकला, गुरगुरला, आणि मांडीएवढं पाणी धो-धो करत पाटात पडलं! शरद चपलांसकट पाटात उतरला. चारला लाइन गेली, तोवर पहिल्या ओळीची झाडं प्यायली होती. उरलेली दुसऱ्या दिवशी प्यायली, तेव्हा वायरमनही आला होता. (त्याने काही विचारलं नाही. मीराने सांगितलं.)

हल्ली कुणी विचारतं, तांत्रिक गोष्टींत त्या ज्ञानकोशावर विसंबावं का? मी सांगते, विसंबायला हरकत नाही. माझं वाक्य तिथे फक्त सात मिनिटं टिकलं.