बाबांना पाठवलेली नक्कल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट ठाऊक नाही.

आधी फुशारकी मारून घेतो. बहिणीनं अमेरिकेला बोलावलं, तिथं नोकरी धरली आणि पहिल्याच वर्षीचं आयकराचं विवरणपत्र मी एकट्यानं भरलं. सोबत काम करणारे सगळे जण पैसे मोजून कुणाकडून तरी भरून घेत होते. मी तीन रविवार बसलो, पगाराचा दाखला शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवली — एक चूक निघाली नाही. सांगताना आजही छाती फुगते. का फुगू नये? लातूरच्या शिकवणी वर्गात बारा वर्षं फिजिक्स शिकवलंय मी.

तिकडे मात्र — एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धूत होतो. घरी सांगितलं होतं, कॉलेजात शिकवतो. फॉर्मच्या शेवटी, सहीशेजारी, एक चौकट असते: तुमचा व्यवसाय. तिथं मी सरळ 'धुलाई कामगार' लिहिलं. हात अडखळला नाही. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही, ही बाबांचीच शिकवण.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून बाबा तिथल्या कलेक्टर कचेरीत नकला देणारे कारकून. मूळ कागद आणि नक्कल ताडून पाहण्यात त्यांची हयात गेली. त्या उन्हाळ्यात शहराला रेल्वेनं पाणी येत होतं. टँकरच्या रांगेतूनच त्यांनी फोन केला. "तू सोता भरलास? मंग नक्कल पाठव की. हितं कुणाचा इश्वास बसना. दाखवतो सगळ्यायला."

काय अवघड होतं? बाबा, मी चादरी धुतो — एवढंच तर सांगायचं होतं. लोक त्यांना हसतील म्हणून गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण लाज माझी होती. मी कॉम्प्युटरवर ती चौकट पुसली, 'प्राध्यापक' असं टाकलं, अक्षरांचा आकारसुद्धा बेमालूम जुळवला. आणि जुळल्यावर — हे सांगायलाच इतका वेळ घुटमळतोय — मला त्या कामाचाही अभिमान वाटला.

दोन वर्षांनी घरी गेलो. बाबांनी कपाटातून तो कागद काढला, हातोहात फिरून मऊ झालेला. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात 'अस्सलबरहुकूम नक्कल', आणि सही. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हे शब्द त्यांनी नोकरीभर कुणासाठी लिहिले नव्हते. साहेबानं दटावलं तरी नाही.

"अस्सल काय मी बघितलं न्हाई," ते हसून म्हणाले, "पर तू धाडलंस म्हणून केली सही."

"बरोबर केलंत, बाबा," मी म्हणालो.

बाबा आता नाहीत. जन्मात एकाच खोट्या कागदावर त्यांची सही आहे, आणि तो मी बनवला होता.