सरांच्या दिवाणखान्यातलं कपाट

लायब्ररीचं नाव निघालं की लोकांचे चेहरे कसे शांत होतात. माझं टाळकं सरकतं. कुणाला जुन्या कागदाचा वास आठवतो, कुणाला तिथली शांतता. मला आठवते आमच्या कॉलेजच्या लायब्ररीच्या दारावरची पाटी: 'प्राध्यापकांसाठी विशेष सुविधा'. कसली सुविधा आणि कुणाची, ते सांगतो.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी इतिहास शिकवत होतो. राखीव जागेवर, हंगामी. नेमणूक देतानाच अट घातलेली होती की ठरल्या मुदतीत एम.फिल. केलं तर कायम, नाही तर घरचा रस्ता. मुदतीचं शेवटचं वर्ष चालू होतं. घरात आई, बायको, दोन लेकरं, आणि कमावणारा मी एकटा.

विषय घेतला होता निजामाच्या काळातल्या आपल्या जिल्ह्याच्या जमीन महसुलाचा. त्याला एक जाडजूड पुस्तक लागायचं, जुन्या महसुली अहवालांचं. त्याच्याशिवाय दोन प्रकरणं लिहिताच येत नव्हती. एक प्रत औरंगाबादला विद्यापीठात होती, पण तिथं राहून वाचायला मला रजा कोण देणार? दुसरी प्रत आमच्याच कॉलेजनं विकत घेतलेली होती. ती होती आमच्या विभागप्रमुखांच्या घरी.

ही त्या पाटीवरची सुविधा. कायम झालेल्या प्राध्यापकानं हवी तितकी पुस्तकं घरी न्यावीत, परत करायची मुदत नाही. आम्हा हंगामी लोकांना विद्यार्थ्यांसारखी दोन. त्या नियमाच्या जोरावर सरांनी इतिहासाची चांगली म्हणावीत अशी सगळी पुस्तकं घरी नेली होती. दिवाणखान्यात सागवानी कपाट करून घेतलं होतं, काचेच्या दारांचं. गावाकडची माणसं, सोयरेधायरे, सगळे त्या कपाटासमोर बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, "सरांचं वाचन लय दांडगं हाय." आयजीच्या जिवावर बायजी उदार. सर त्यातलं एक पान उलटत नव्हते.

मी एकदा मागायला गेलो. ओसरीवर उभा राहिलो, 'आत या' कुणी म्हटलं नाही. दारातूनच बोलणं झालं.

"पुस्तक हाय की," सर म्हणाले. "पन मलाबी लागतंय ना. तुमी लायब्ररीत विचारून बगा."

लायब्ररीत विचारलं की ग्रंथपाल म्हणायचा, "सरांना विचारा." असा मी वर्षभर फिरलो. ओसरीवरून सरांच्या खांद्यापलीकडं मला ते पुस्तक दिसत होतं, वरच्या फळीवर, लाल कापडी बांधणीचं. माझी नोकरी त्या काचेआड उभी होती, आणि हा माणूस मला विचारून बगा म्हणत होता.

दिवसच तसे होते. नामांतराचा ठराव होऊन गेला होता, आणि ज्या विद्यापीठाचं नाव बदलायचं त्याच विद्यापीठाचं आमचं कॉलेज. गावाकडं आमच्या भावकीतल्या लोकांची घरं जाळली गेली होती. स्टाफरूममध्ये मी शिरलो की चाललेलं बोलणं थांबायचं आणि एकदम कापसाच्या भावावर यायचं. मी कुणाचं तरी काहीतरी हिसकून घ्यायलाच आलोय, असं त्यांच्या नजरेत असायचं. आधी नोकरी घेतली, मग विद्यापीठाचं नाव मागितलं, आता पुस्तक मागायलाय.

मग विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. प्राध्यापकांना संशोधनासाठी लायब्ररीत काय सोयी आहेत, ते बघायला. प्राचार्यांची झोप उडाली. ज्याच्या घरी जी पुस्तकं आहेत ती आणून टाका, असा हुकूम निघाला. सरांच्या घरून तर हातगाडी भरून आली. शिपायानं पुस्तकं झटकली तेव्हा त्यातून लग्नपत्रिका निघाल्या, औषधाच्या चिठ्ठ्या निघाल्या, एक मोरपीसही निघालं. वाचल्याची खूण मात्र कुठं नव्हती.

आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं.

"उद्या दिवसभर लायब्ररीत बसा," ते म्हणाले. "कुणीतरी वाचताना दिसलं पायजे. आन् तुमी बसलाव तर समितीलाबी बरं वाटंल."

म्हणजे फळीवर पुस्तकं मांडायची आणि खुर्चीवर माझी जात. मला कळलं नाही असं त्यांना वाटलं असेल. मी म्हटलं, बसतो. पुस्तक हातात पडणार असेल तर जातीसकट बसतो.

सकाळी जाऊन बसलो आणि उतरवून घ्यायला लागलो. समिती आली, फळ्या बघितल्या, माझ्याकडं बघून माना डोलावल्या आणि प्राचार्यांच्या खोलीत जेवायला गेली. मी मान वर केली नाही. एका दिवसात किती होणार ते मला दिसत होतं, तरी हात थांबवत नव्हतो. दुपारी शिपाई हातगाडी घेऊन आला आणि फळीवरची पुस्तकं गाडीत भरायला लागला.

"सरांनी मागवलीत," तो म्हणाला. "संध्याकाळी पाव्हने येनार हायेत, सरांच्या पोरीला बगायला. कपाट भरून ठेवायचंय. ते हातातलंबी द्या."

"हे नाही देत," मी म्हटलं.

तो गेला आणि थोड्या वेळानं सर स्वतः आले. नवा सदरा, डोक्याला तेल.

"अवो, पुस्तक द्या की," ते म्हणाले.

"वाचायलोय, सर."

"वाचा, नको कोन म्हनलं? पन उद्या. आज वरच्या फळीवर तेवढीच जागा रिकामी दिसंल."

"दिसू द्या."

त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. मीही माझा हात काढला नाही. मग ते वाकून हळू आवाजात बोलले, "लय माज आला का रे तुला? कायम व्हायचंय ना अजून?"

"त्याच्यासाठीच वाचतोय," मी म्हटलं. हात सोडला नाही. पोरगी बघायला येणाऱ्या माणसांना दाखवायला ह्याला पुस्तक पाहिजे, आणि मला पोटाला पाहिजे. ओढाताण झाली असती तर त्या दिवशी मी पुस्तक फाटू दिलं असतं, पण दिलं नसतं.

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष ग्रंथपालाच्या सह्या घ्यायला परत आत आले. म्हातारे गृहस्थ, औरंगाबादचे. आम्हा दोघांचे हात एकाच पुस्तकावर बघून थांबले.

"काय चाललंय?"

सर लगेच सरळ झाले, भाषासुद्धा बदलली. "काही नाही साहेब. हे आमचे फार अभ्यासू आहेत. पुस्तक हवे तितके दिवस वापरा, असं सांगत होतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी उठून उभा राहिलो. "मग साहेब, हे माझ्या नावावर घरी द्यायला सांगा. आत्ता, तुमच्यासमोर."

ग्रंथपाल पुटपुटला, "ते हंगामी आहेत. त्यांना बिनमुदत पुस्तक देता येत नाही."

"प्राध्यापक आहेत ना?" अध्यक्ष म्हणाले. "मग द्या. आणि ही प्राध्यापकांची पुस्तकं वर्षातून एकदा तरी परत मागवून मोजत जा, असं मी शेऱ्यात लिहितोय."

पुस्तक माझ्या नावावर चढलं. सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काही त्यांच्या शेतात गुरं घातलीत मी.

घरी तांदळाच्या डब्यावर धुतलेलं पातळ अंथरून आम्ही ते ठेवलं होतं. बायको हात पुसल्याशिवाय त्याला शिवत नव्हती, आणि लेकरांना त्या कोपऱ्यात जायची बंदी होती. दोन्ही प्रकरणं झाली, एम.फिल. झालं, नोकरी कायम झाली. मग मी पुस्तक नेऊन लायब्ररीत दिलं. संध्याकाळपर्यंत ते सरांच्या कपाटात जाणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती.

महिना गेला तरी पुस्तक लायब्ररीच्याच फळीवर होतं. मी ग्रंथपालाला विचारलं, सरांनी नेलं कसं नाही?

तो आधी इकडंतिकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी इचारलं होतं. नको म्हनले. तुमच्या घरी ऱ्हाऊन आलंय म्हनले. घरात देवाधर्माचं असतंय, आता ते आत न्यायचं न्हाई."

माझी कानशिलं तापली. मी तसाच बाहेर पडलो. बोललो असतो तर हात उचलला असता, आणि कायम झालेली नोकरी त्याच दिवशी गेली असती. घरी जाऊन त्या तांदळाच्या डब्यासमोर बसलो. बायकोनं काय झालं विचारलं. तिला सांगवलं नाही.

उन्हाळ्यात मोजणी निघाली. शेऱ्याप्रमाणं सरांची सगळी पुस्तकं लायब्ररीत आली, ढीग लागला. मी आता कायम होतो. पाटीवरची सुविधा आता माझीही होती. मी ग्रंथपालाला म्हटलं, "हा सगळा ढीग माझ्या नावावर लिहा."

"सगळा?" तो म्हणाला. "एवढी वाचनार कवा?"

"तुम्ही लिहा."

हातगाडी करून घरी आणली आणि भरगल्लीतून आणली, सगळ्यांना दिसावी म्हणून. एक रात्र घरात ठेवली. एकही उघडलं नाही. सकाळी तीच हातगाडी परत नेऊन लायब्ररीत रिकामी केली.

सरांनी त्यातलं एकही पुस्तक पुन्हा घरी नेलं नाही. पुढं मुलं ती वाचायला लागली, हंगामी मास्तर वाचायला लागले, एकानं तर त्याच पुस्तकांच्या आधारावर पीएच.डी. केली. तो मला म्हणाला, "सर, तुमी जिंकलाव." कसलं कपाळाचं जिंकलो? माझ्या बायकोनं हात पुसून सांभाळलेलं पुस्तक त्यांना बाटलेलं वाटलं, म्हणून ती सगळी सुटली. मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.