दशरथ फिटरची जीभ

दशरथ फिटरने एखादं इंजिन पाहून 'बरं आहे' म्हटलं, की त्यावर दुसऱ्या कुणाचं मत घ्यायची घाटकोपरात पद्धत नव्हती. मुलुंडच्या एका वकिलाने एकदा ती मोडली. दशरथने पाहिलेलं इंजिन त्याने दुसऱ्या मिस्त्रीला हळूच दाखवलं, आणि ते दशरथच्या कानावर आलं. दशरथने वकिलाची गाडी अर्धवट उघडलेली होती तशीच शेडमधून ढकलत भर रस्त्यावर नेऊन सोडली. "आता त्याच्याकडूनच ढकलून घ्या," म्हणाला, आणि हात धुऊन जेवायला बसला. वकीलसाहेब तासभर उन्हात उभे होते.

असा माणूस. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. चौदाव्या वर्षी मालवणकडून बोटीने मुंबईला आला, परळच्या एका गिरणीत अकरा वर्षं फिटर होता. तिथल्या मास्तराने न बघताच एका यंत्रावर 'तपासले' अशी सही केली आणि त्या यंत्रात एका पोराची दोन बोटं गेली. दशरथने मास्तराला खात्याच्या मधोमध थोबाडीत दिली आणि त्याच पावली गिरणी सोडली. लढाईच्या काळात लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात होता. लढाई संपल्यावर घाटकोपरला पत्र्याची शेड घातली. न बघता 'बघितलं' म्हणणाऱ्या माणसाइतकी घाण जात जगात नाही, असं तो उठता बसता सांगायचा. हे त्याचं वाक्य लक्षात असू द्या.

जुनं इंजिन पारखायची त्याची रीत ठरलेली होती. आधी हँडल मारून हाताला जोर कसा लागतो ते बघायचं, मग चालू करून कान द्यायचा. आणि सगळ्यात शेवटी, जिथून इंजिनात पाणी जातं त्या भोकात बोट घालून आतला गंज खरवडायचा आणि तो जिभेवर ठेवायचा. लोक हसायचे. हसोत. लढाईनंतर बंदरातल्या लाँचींची इंजिनं मोटारीची म्हणून विकणारे पुष्कळ निघाले होते. लाँचीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होतं. वरून हवा तेवढा रंग द्या, आतून खारं पाणी लोखंड खाऊन बसलेलं असतं. नुसता गंज तुरट लागतो, समुद्राचा गंज खारट. समुद्राकाठी वाढलेल्या जिभेला ते शिकवावं लागत नाही.

पंचावन्न सालच्या फाल्गुनात मृणालिनीबाईंची बेबी ऑस्टिन त्याच्या शेडमध्ये आली. मृणालिनीबाई म्हणजे घाटकोपरच्या डॉक्टरीणबाई. गाडी त्यांच्या वडिलांची, वीस वर्षांहून जुनी, दोन माणसं आणि एक बॅग बसली की भरली. बाई ती स्वतः चालवत भांडुपच्या चाळींत जात, माहुलच्या कोळीवाड्यात जात. अडलेल्या बाईसाठी निरोप आला की हातातला घास ताटात टाकून निघत. अठरा वर्षांपूर्वी दशरथची बायको रुक्मिणी अशीच अडली होती. तेव्हा या बाईंनीच तिला सोडवलं आणि सुगंधा जन्मली. दशरथ देवाला एकदा विसरला असता, बाईंना नाही.

गाडीच्या इंजिनाचं बोअर, म्हणजे आतली झिजलेली नळकांडी कोरून रुंद करणं, तीनदा करून झालं होतं. चौथ्यांदा करायला लोखंडच शिल्लक नव्हतं. दुसरं इंजिन घालणं भाग होतं, आणि लगेच सल्ले देणारे जमले. बाईंचे धाकटे दीर नंदकुमार कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. ते म्हणाले, "लष्कराच्या लिलावातलं जीपचं इंजिन बसवा, झकास पळेल." दशरथ म्हणाला, "शेळीच्या मानेवर बैलाचं जू ठेवा, तीपण झकास पळेल." विलायतेहून नवं मागवायचं तर आयात जवळजवळ बंद. राहिला कुर्ल्याचा भंगार बाजार.

"इंजिन मी शोधतो," दशरथ बाईंना म्हणाला. "माझ्या जिभेवर विश्वास आहे ना?"

"तुमच्याच आहे," बाई म्हणाल्या.

कुर्ल्याला जयवंतशेटचं भंगाराचं दुकान होतं. तो मालवणकडचाच, आणि दशरथचा होणारा व्याही. सुगंधाचं त्याच्या मुलाशी ठरलं होतं, वैशाखात लग्न होतं. त्याचा निरोप आला, बेबी ऑस्टिनचं इंजिन हाती लागलंय, बघून जा. निघताना रुक्मिणीने बजावलं, "आपण चेडवाकडचे. थय जेवूक बसू नकात." मुलीकडच्यांनी व्याह्यांच्या घरी जेवायचं नसतं. दशरथ हो म्हणाला.

पण जयवंतने पाटच मांडून ठेवला होता. "आधी जेवण, मगे लोखंड," तो म्हणाला. मुलीच्या बापाने व्याह्याच्या घरचं ताट लोटायचं कसं? दशरथ बसला. भाजलेला खारा बांगडा, सुक्या जवळ्याची चटणी, खारातली कैरी, वर मिठाची सोलकढी. दशरथच्या ताटात बांगडा संपायच्या आत दुसरा पडत होता. "लाजू नकात हां, व्याही," जयवंत म्हणत होता. दशरथ लाजला नाही. जेवण खरोखर झालंही होतं फक्कड.

मग इंजिन. हिरव्यागार रंगात नवरदेवासारखं सजवलेलं. हँडलला जोर बरोबर लागला, आवाजही सरळ होता. दशरथने भोकात बोट घातलं, खरवडलं, जिभेवर ठेवलं. खारट. पण तोंडच सगळं खारट झालेलं. बोटालाही बांगड्याचा वास. त्याने पाणी मागून चूळ भरली, पुन्हा बोट घातलं. पुन्हा तेच. खारेपणा जिभेचा की लोखंडाचा, काही केल्या कळेना.

जयवंत समोर उभा. बाजूला होणारा जावई, दुकानातले दोन गडी.

"काय व्याही? बरां असा मा?"

उद्या सकाळी उपाशीपोटी येतो, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. उद्या येतो म्हणजे व्याह्याच्या मालावर संशय घेतल्यासारखं, तेही त्याचंच अन्न पोटात असताना.

"बरां असा," दशरथ म्हणाला.

त्याने इंजिन आणलं, बसवलं, बाईंना सांगितलं, "बघून आणलंय." वीस दिवस गाडी चालली.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी मृणालिनीबाई शेडच्या दारात आल्या त्या पायी. पदर धुळीने भरलेला, चपलेचा अंगठा तुटलेला. दुपारी माहुलहून सायकलवर निरोप आला होता, कोळीवाड्यातली बाई अडली आहे. चेंबूर ओलांडलं आणि गाडीतून वाफेचा लोट निघाला. इंजिन जाम. तिकडे तेलाचे कारखाने उभे राहत होते, ट्रकांची रांग लागलेली. एक थांबला नाही, दुसरा थांबला नाही. बाई बॅग घेऊन उन्हात चालत राहिल्या. पुढे एका ट्रकवाल्याने घेतलं. पोचायला दीड तास उशीर झाला.

"बाई वाचली," त्या म्हणाल्या. "मूल गेलं."

दशरथने हातातला पाना खाली ठेवला.

"तुमचा दोष नाही, दशरथ. जुनं इंजिन म्हटल्यावर असं व्हायचंच. गाडी तेवढी रस्त्यावरून आणा."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते 'दोष नाही' त्याला रात्रभर निखाऱ्यासारखं पोळत राहिलं. सकाळी त्याने गाडी ओढून आणली आणि तोंडात चहाचा घोटही न घेता इंजिन उघडलं. आतून गंजाचे पोपडे मूठमूठ निघाले. पाण्याच्या वाटा बुजलेल्या, लोखंडाची भिंत कागदाएवढी राहिलेली आणि तिला आरपार भोक. त्याने एक पोपडा उचलून जिभेवर ठेवला.

समुद्र. नुसता समुद्र. पोराटोरालासुद्धा कळला असता.

मग जो राग उठला तो घेऊन तो कुर्ल्याला गेला. जयवंत गल्ल्यावर बसला होता. दशरथने पोपड्यांची मूठ त्याच्या पुढ्यात आपटली.

"लाँचीचा होता मा?"

"तुमीच चाटून बघितलास, चार माणसांदेखत," जयवंत थंडपणे म्हणाला. "आता माका कित्याक विचारतास?"

"माका जेवूक घातलंस! खारो बांगडो घातलंस मुद्दाम!"

"व्याह्याक जेवूक घालणा हो गुन्हो झालो?" जयवंत हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "होता लाँचीचा. तुमी विचारलास नाय, मी सांगितलंय नाय. आता गावभर बोंब मारू नकात. वैशाखात लगीन असा. खाल्ल्या मिठाक जागा."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! दशरथने समोरचं टेबल उलथं केलं. नट, बोल्ट, स्प्रिंगा दुकानभर उडाल्या. "एक पोर गेला, मेल्या! माझा चेडू तुझ्या घरात देवचंय नाय!" एवढं ओरडून तो निघाला तो रस्ताभर, घरी पोचेपर्यंत, आणि घरी पोचल्यावरही ओरडतच होता. चोर, हरामखोर, पोरं खाणारा. रुक्मिणी कोपऱ्यात डोळ्यांना पदर लावून बसली. तोंडावर आलेलं लग्न मोडलं होतं, आणि आता चाळीत चार तोंडं चार गोष्टी बोलणार होती. सुगंधा मात्र भाकऱ्या थापत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं,

"बाबा, त्या दिवशी तुम्हांला चव लागली होती काय?"

"त्या मेल्यान मुद्दाम खारा घातल्यान, गो! जीभ मारून टाकल्यान माझी!"

"ते नाय विचारत मी. लागली होती का?"

दशरथ थांबला. "नाय."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तुझ्या सासरची माणसां ती. तुझ्यासाठी गप बसलंय, आणि कोणासाठी!"

सुगंधाने मान वर केली. बापाचाच राग होता तो, पण आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझं नाव त्यात घालू नका. लग्न मोडलंत ते बरं झालं, मला त्या घरात जायचंच नाय. पण त्याने खोटं इंजिन विकलं, आणि न बघता बघितलं तुम्ही म्हणालात."

तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला. परळच्या त्या मास्तराची सही दशरथला दिसली. वीस वर्षं तो त्या माणसाला शिव्या घालत आला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. बाईंना त्याने सगळं सांगितलं, बांगड्यासकट. "मला कळलं नव्हतं, बाई. तरी मी हो म्हटलं."

मृणालिनीबाई कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "कळत नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हांला? मी दिवसातून दहा वेळा म्हणते, मला कळत नाही, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. माझं काय झडतं त्याने? ती बाई नऊ महिने वाट बघत होती हो, दशरथ! आणि तुम्ही व्याह्याची मर्जी सांभाळत बसलात! जा. आत्ता जा इथून."

तो गेला. कुणी आपल्यावर ओरडलं आणि आपण उलटून बोललो नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

पण गाडी तर लागणारच होती. माहुलची वाट काही जवळ आली नव्हती, आणि भांडुपच्या बायका थांबणार नव्हत्या. आठ दिवसांनी दशरथने निरोप पाठवला. भांडुपला मार्तंडराव नावाच्या एका पेन्शनराकडे एक बेबी ऑस्टिन बारा वर्षं छपराखाली पडून होती, तिचं इंजिन ते द्यायला तयार होते. उलट निरोप आला: मी स्वतः येते.

बाई आल्या तेव्हा दशरथने सकाळपासून साध्या पाण्याशिवाय काही तोंडात घेतलं नव्हतं. मार्तंडरावांनी चहा पुढे केला, त्याने हात जोडले. इंजिन काळंकुट्ट, कोळिष्टकांनी भरलेलं. त्याने ते पुसलं, हँडल मारून मारून हाताला अंदाज घेतला. प्लग साफ केले, पेट्रोल घातलं; पंधरा मिनिटांच्या झटापटीनंतर ते खोकत खोकत सुरू झालं. त्याने कान दिला. मग बंद करून, निवू देऊन, भोकात बोट घातलं आणि डोळे मिटून चव घेतली. एकदा, दोनदा, तीनदा.

"गोड्या पाण्याचं आहे," तो म्हणाला.

मृणालिनीबाईंनी बॅग खाली ठेवली. पदर खोचला, पुढे झाल्या आणि त्याच भोकात स्वतःचं बोट घातलं. काळं झालेलं बोट त्यांनी जिभेला लावलं आणि बराच वेळ चव घेत राहिल्या. मार्तंडराव अचंब्याने बघत होते.

एका वकिलाने दुसऱ्याला विचारलं म्हणून त्याची गाडी भर रस्त्यावर ढकलणारा दशरथ फिटर मान खाली घालून उभा होता.

"खारट नाही," बाई म्हणाल्या. "घ्या."

दशरथने खांद्यावरचं फडकं काढलं, त्याचा त्यातल्या त्यात स्वच्छ कोपरा शोधला आणि बोट पुसायला त्यांच्यापुढे धरला.